माझे अनुमोदन आहे

बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षे बसल्यावर माणसाला दोन गोष्टी होतात. एक म्हणजे मानेचा स्पॉन्डिलायटिस. आणि दुसरी म्हणजे, कोणता खातेदार आपल्याला सोडून चालला आहे हे त्या खातेदाराच्याही आधी कळायला लागते. जाणारा माणूस भांडत नाही. भांडणारा हा आपला माणूस. तो मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसून "उद्याच्या उद्या खातं बंद करतो!" म्हणून ओरडतो, पाणी पितो, आणि पुढच्या सोमवारी स्लिप भरायला आमच्याकडेच पेन मागतो. खरा जाणारा मुकाट्याने जातो. आधी त्याचा पगार दुसऱ्या बँकेत वळतो. मग मुदत ठेव मुदत संपल्यावर पुन्हा ठेवली जात नाही. मग एक दिवस खात्यात किमान शिल्लक तेवढी उरते. खाते मात्र चालूच असते. मॅनेजरच्या तक्त्यात ग्राहकसंख्या तेवढीच दिसते आणि तो बिचारा वर कळवतो, की शाखेवरचा लोकांचा विश्वास अढळ आहे.

हे आठवायचे कारण लिंडन जॉन्सन.

अमेरिकेच्या या छत्तिसाव्या अध्यक्षाशी माझी ओळख व्हावी असे माझ्या शिक्षणात काहीही नव्हते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शाहिस्तेखान आणि त्याची बोटे जितक्या झटक्यात वेगळी झाली, तितक्याच झटक्यात दहावीच्या पेपरनंतर मी आणि इतिहास वेगळे झालो. जॉन्सनसाहेबांशी गाठ घालून दिली ती आमच्या सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या नानांनी, आणि तीही एका भिंतीच्या निमित्ताने.

आमची सोसायटी डोंबिवलीत. ३८ बिऱ्हाडे, एक लिफ्ट आणि त्या लिफ्टबद्दल ३८ मते. शेजारी दुसरी सोसायटी. दोघींच्या मध्ये कंपाउंडची भिंत. २०११ च्या पावसाळ्यात ती पडली आणि शेजाऱ्यांनी पुन्हा बांधली. स्वतःच्या खर्चाने बांधली, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. लक्षात आले ते एवढेच, की नवी भिंत दीड फूट आमच्या हद्दीत सरकली आहे. हे प्रथम कोणी पाहिले, कशाने मोजले, ते आजतागायत कळलेले नाही. पण संध्याकाळपर्यंत 'दीड फूट' हा आकडा वॉचमनपासून वॉचमनच्या मेव्हण्यापर्यंत सर्वांना पाठ झाला होता.

चेअरमन अण्णा. रेल्वेतून निवृत्त झालेले, सहा फूट उंच, बोलताना समोरच्याचे कोपर धरून त्याच्या अंगावर ओणवे होणारे गृहस्थ. त्यांनी सोसायटीसाठी काय नाही केले? पाण्याची दुसरी लाइन आणली. बिल्डरच्या मागे सात वर्षे लागून जमीन सोसायटीच्या नावावर करून घेतली. (ज्यांनी हे केले आहे त्यांनाच त्यातले मरण ठाऊक.) चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना औषधे आणून द्यायच्या पाळ्या लावल्या. अशा माणसाने गच्चीवर विशेष सर्वसाधारण सभा बोलावून ठराव मांडला, की सोसायटीच्या जमिनीच्या रक्षणार्थ आवश्यक ती सर्व पावले उचलण्याचे अधिकार चेअरमनला असावेत आणि त्यासाठी दर बिऱ्हाडामागे दरमहा ३०० रुपये कोर्ट निधी गोळा करावा. तर नाही कोण म्हणणार? ठरावाला लगेच अनुमोदन मिळाले. टाळ्या झाल्या. बटाटेवडे आले.

वड्यांच्या आधी फक्त नाना उठले होते. "माझा एकच प्रश्न आहे," ते म्हणाले. "समजा, आपण दावा जिंकलो. तर त्या दीड फुटाचं काय करायचं?"

"नाना, आधी जिंकू तर द्या!" मागून कोणीतरी ओरडले आणि सभा हसली. मीही हसलो. मतदान झाले ते ३६ विरुद्ध २. दुसरे विरोधक पहिल्या मजल्यावरचे. पण त्यांची सख्खी मेव्हणी शेजारच्या सोसायटीत राहात असल्यामुळे त्यांचा विरोध तत्त्वाचा होता की जीव वाचवण्यासाठी होता, हे सांगणे कठीण.

मी बँकेतला, म्हणून खजिनदारकी माझ्या गळ्यात पडली. बँकेतल्या माणसाला पैसे मोजायची हौसच असते अशी लोकांची समजूत आहे. हलवायाला घरी गेल्यावर कोणी जिलब्या तळायला सांगत नाही, पण ते असो. पहिल्या महिन्याच्या एक तारखेला पावतीपुस्तक घेऊन मी नानांच्या दारात उभा राहिलो. भांडणाची तयारी करून गेलो होतो. नानांनी तीन शंभराच्या नोटा आधीच काढून ठेवल्या होत्या.

"पण नाना, तुम्ही तर विरुद्ध मत दिलं होतं."

"मत माझं होतं, ठराव सोसायटीचा आहे. पावती फाड," ते म्हणाले, आणि मग चष्मा कपाळावर नेऊन, "३६ विरुद्ध २. मला त्या ८८ विरुद्ध २ ची आठवण झाली बघ."

नाना सातारा जिल्ह्यात इतिहासाचे मास्तर होते. निवृत्त मास्तरला ऐकणारा मिळणे म्हणजे आमच्याकडे कर्जदार स्वतःहून हप्ता घेऊन येण्यासारखे. त्या दिवसापासून दर महिन्याला मी ३०० रुपये घ्यायला जाई आणि दीड तास व्हिएतनाममध्ये काढून परत येई.

८८ विरुद्ध २ ची हकिगत अशी. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात आपल्या युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाला, असे अमेरिकन सरकारने जाहीर केले. त्यातला दुसरा हल्ला बहुधा झालाच नव्हता, हे पुढे बाहेर आले. आमच्या दीड फुटासारखेच, कोणी मोजले ते विचारायला त्या वेळी सवड नव्हती. ७ ऑगस्टला ठराव आला, की अध्यक्षांनी आवश्यक ते सर्व उपाय योजावेत. खालच्या सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. ते दोघे म्हणजे ऑरेगनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुनिंग. तिथे वडे होते की नाही ते नानांच्या पुस्तकात नव्हते.

तीन महिन्यांनी निवडणूक झाली. जॉन्सनला ६१ टक्के मते आणि ५० पैकी ४४ राज्ये. एवढी ठेव एकदम जमा झाली की कुठल्याही मॅनेजरचे डोके फिरेल. पण या माणसाचे तसे फिरले नव्हते, असे नाना म्हणत. तो टेक्सासमधला. तरुणपणी कोटुला नावाच्या गावात गरीब मेक्सिकन मुलांचा मास्तर होता. (नानांना तो आवडायचे खरे कारण हे असावे.) त्याने १९६४ साली काळ्या लोकांना समान नागरी हक्क देणारा कायदा करून घेतला, १९६५ साली त्यांच्या मतदानाचा कायदा केला, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची योजना आणली. या सगळ्या स्वप्नाला त्याने नाव दिले होते 'ग्रेट सोसायटी'.

"आपली नुसतीच सोसायटी," मी म्हटले.

"आपलीही बरी होती," नाना म्हणाले. "भिंत पडेपर्यंत."

१९६५ च्या मार्चमध्ये डा नांगच्या किनाऱ्यावर साडेतीन हजार मरीन सैनिक उतरले. वर्षाअखेर तिथे अमेरिकेचे १,८४,००० सैन्य होते आणि १९६७ च्या अखेरीला पावणेपाच लाखांच्या वर. एकदम कोणी पाच लाख मागितले असते तर ४१६ जणांपैकी चारसहा तरी दचकले असते. पण थोडे थोडे वाढवत नेले की माणूस दचकत नाही. आमच्या वकिलांनी हे शास्त्र स्वतंत्रपणे शोधून काढले होते. नोटिशीचा खर्च, दाव्याचा खर्च, अर्जाचा खर्च, अर्जावरच्या उत्तराचा खर्च, आणि त्या उत्तरावर आपण जे म्हणणार ते म्हणण्याचा खर्च.

एका भेटीत रॉबर्ट मॅकनमारा आला आणि माझी छाती फुगली. हा जॉन्सनचा संरक्षणमंत्री आपल्या लाइनीतला! मंत्री होण्याआधी फोर्ड मोटर कंपनीचा अध्यक्ष आणि त्याच्याही आधी हार्वर्डमध्ये अकाउंटिंग शिकवणारा. युद्ध जिंकतो आहोत की हरतो आहोत हे तो आकड्यांवरून ठरवी. किती बॉम्ब टाकले, शत्रूचे किती मेले, सारे तक्त्यात. तक्ते उत्तम होते. पण शत्रूचे किती मेले हे मोजणारे तेच, आणि जास्त मोजल्यावर बढती मिळणारेही तेच. आमच्याकडे मार्चअखेरीला ठेवींचे आकडे कसे फुगतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला यापुढे सांगायला नको. १९६८ साली हा माणूस मंत्रिपदावरून गेला तो कुठे? तर जागतिक बँकेचा अध्यक्ष म्हणून. आणि १९९५ साली त्याने पुस्तक लिहून आपण सारे भयंकर चुकलो अशी कबुली दिली. बँकेत आल्यावर माणसाला चूक सापडते हे खरे. पण ताळा जुळायला सत्तावीस वर्षे जरा जास्तच झाली.

मात्र युद्धाच्या तक्त्यांशेजारी दुसरा एक तक्ता निघत होता, आणि तो मॅकनमाराच्या हाताखाली नव्हता. गॅलपची पाहणी. व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणे ही चूक होती का, असा साधा प्रश्न लोकांना दर काही महिन्यांनी विचारत. ऑगस्ट १९६५ मध्ये 'होय, चूक होती' म्हणणारे २४ टक्के. ऑक्टोबर १९६७ मध्ये ४७ टक्के, आणि चूक नव्हती म्हणणारे ४४. म्हणजे दोन वर्षांत पारडे फिरले. मधल्या काळात कुठला मोठा पराभव झाला नव्हता, कुठली राजधानी पडली नव्हती. नुसती किमान शिल्लक उरेपर्यंत काढत गेले लोक.

सुरुवातीला जॉन्सन या पाहण्यांचे कागद खिशात घेऊन फिरत असे आणि आलेल्या-गेलेल्याला काढून दाखवत असे. हे ऐकले आणि माझ्या हातातला चहा हिंदकळला. कारण कोर्ट निधी भरणाऱ्यांची यादी अण्णा माझ्याकडून दर महिन्याला लिहून घेत आणि सदऱ्याच्या खिशात ठेवत. भरणाऱ्यांची. न भरणाऱ्यांची यादी त्यांनी कधी मागितली नाही आणि मीही कधी दिली नाही. साहेबाने न मागितलेला तक्ता साहेबाला देऊ नये, हे बँकेत पहिल्या वर्षी शिकवतात.

न भरणाऱ्यांची यादी मोठी मजेदार होती. पहिल्या वर्षी ३६ पैकी ३६. (नानांसकट ३७. मेव्हणीवाले सोडून.) दुसऱ्या वर्षी ३१. कोणी नाही म्हणत नव्हते. "पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम घ्या." "चेकबुक गावाला राहिलंय." "यांना विचारून सांगते." एकाने तर मला पाहून लिफ्टमधून उतरायच्या ऐवजी पुन्हा वर जायचे बटण दाबले. तिसऱ्या वर्षी २३.

माझी समजूत होती, की बंद केलेले सगळे लोक दाव्याला कंटाळलेले. तशी ती नव्हती, हे मला तिसऱ्या मजल्यावर कळले. तिथले गृहस्थ म्हणाले, "पैसे देणार नाही! दावा कसला लावता? जेसीबी आणा आणि रात्रीत पाडा. तुमच्यात दम नाही." आणि त्यांच्याच समोरच्या दारातल्या बाई म्हणाल्या, "कशाला ती भांडणं? राहू दे भिंत तिथं." दोघांच्या दोन वाटा, पण माझ्या वहीत दोघांपुढे तेच शून्य.

हे नानांना सांगितले तर ते इतके खूश झाले, की उठून त्यांनी डब्यातली चकली काढली. कारण हेच मार्च १९६८ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात झाले होते. तिथल्या प्राथमिक निवडणुकीत जॉन्सनविरुद्ध त्याच्याच पक्षातला, युद्ध थांबवा म्हणणारा सिनेटर यूजीन मॅकार्थी उभा राहिला. जॉन्सनला ४९ टक्के मते पडली, मॅकार्थीला ४२. जॉन्सन जिंकला, पण बसलेल्या अध्यक्षाने स्वपक्षात एवढेच जिंकणे म्हणजे हरणेच. शांततेचा विजय म्हणून सगळीकडे बोलबाला झाला. पुढे मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पाहिले तर मॅकार्थीच्या मतदारांत, जॉन्सन पुरेसा कडक नाही म्हणून चिडलेले लोक, माघार घ्या म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. जवळजवळ तिनास दोन! म्हणजे आमचे तिसऱ्या मजल्यावरचे जेसीबीवाले तिकडे बहुमतात होते. सरकारने काय करावे यावर दोघांचे पटत नव्हते. हे सरकार नको यावर मात्र दोघे एक.

नानांनी माझा आणखी एक समज मोडला. मला वाटे, की युद्धाच्या विरोधात तरुण आणि बाजूने म्हातारे. चित्रपटांत लांब केसांची मुले दिसतात ना! पण त्या काळच्या पाहण्या पाहिल्या तर तिशीच्या आतले लोक युद्धाला अधिक पाठिंबा देणारे आणि म्हातारे कमी. "म्हाताऱ्यांनी आधीची दोन-तीन पाहिलेली असतात," नाना म्हणाले.

जॉन म्युलर नावाच्या एका प्राध्यापकाने १९७३ च्या पुस्तकात या उतरणीचे गणित मांडले. कोरिया आणि व्हिएतनाम या दोन्ही युद्धांत, अमेरिकेचे मेलेले आणि जखमी मिळून आकडा दसपट झाला की पाठिंबा सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो, असे त्याला आढळले. म्हणजे लॉगॅरिथम. बारावीनंतर ही बया पुन्हा भेटेल असे वाटले नव्हते. शंभराचे हजार होताना जेवढा पाठिंबा जातो, तेवढाच पुढे दहा हजारांचे लाख होताना जातो. सुरुवातीला थोड्याशाने माणूस दुखावतो, नंतर तेवढेच दुखायला दहापट लागतात. मी सवयीने कागदावर हिशेब करून पाहायला लागलो. नानांनी पेन काढून घेतले.

ते का काढून घेतले ते मला थोड्या वेळाने कळले. १९६८ च्या फेब्रुवारीत एका आठवड्यात अमेरिकेचे ५४३ सैनिक मेले. सगळ्या युद्धात ५८ हजारांवर. आणि व्हिएतनामी लोक लाखांनी, त्यांची तर पाहणीही कोणी घेतली नाही. डोंबिवलीतल्या भिंतीची गोष्ट याच्याशेजारी ठेवताना मला संकोच वाटतो. पण माझ्याकडे दुसरी भिंत नाही.

घरातही पाठिंबा उतरत होता. आमच्या सौ.चे विरजण शेजारच्या सोसायटीतून येत असे. तिथल्या एका काकूंकडचे दही म्हणजे सुरीने कापावे असे. दावा लागल्यावर त्या काकूंनी हिच्याशी बोलणे टाकले नाही, पण वाटी भिंतीवरून यायची बंद झाली. दोन वर्षे आमच्या घरी ताकाच्या वरचे आणि दह्याच्या खालचे असे काहीतरी लागत होते. "तुमच्या त्या दीड फुटापायी माझं विरजण गेलं," असे तिने एकदा कढी वाढताना सांगितले. मी अण्णांच्या बाजूने दोन शब्द बोललो. त्यानंतर कढीही गेली.

अमेरिकेतल्या बायकांचे विरजण म्हणजे कर. युद्ध आणि ग्रेट सोसायटी, दोन्हींचा खर्च कर न वाढवता भागेल असे जॉन्सन आधी दाखवत राहिला. भागेना, तेव्हा ऑगस्ट १९६७ मध्ये त्याने दहा टक्के अधिभार मागितला. काँग्रेसने तो पुढच्या जूनपर्यंत रखडवला आणि बदल्यात घरच्या योजनांवरचा खर्च कापून घेतला. त्या वर्षांत आपल्याकडे दुष्काळ होता आणि अमेरिकन गव्हावर रेशन चालत होते. त्या गव्हाच्या बोटी जॉन्सन स्वतः एकेक करून सोडायचा. इंदिराबाईंनी १९६६ साली व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले थांबवा म्हटले, ते त्याला झोंबले होते. "माझी आई रेशनच्या रांगेत उभं राहून म्हणायची, तो मेला जॉन्सन कधी बोट सोडतोय कोण जाणे," नाना सांगत. "त्याच्या पाठिंब्याची पाहणी आमच्या गावात घेतली असती तर!"

नोव्हेंबर १९६७ मध्ये सेनापती वेस्टमोरलंड मायदेशी येऊन सांगून गेले, की शेवट आता दिसू लागला आहे. ३० जानेवारी १९६८ ला, व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, शत्रूने शंभरावर शहरा-गावांत एकदम हल्ले केले. सायगावमधल्या अमेरिकन वकिलातीच्या आवारात शिरले. सैन्याच्या हिशेबाने तो हल्ला मोडून काढला गेला. पण लोकांनी हल्ला मोजला नाही, त्यांनी मधले दिवस मोजले. शेवट दिसायला लागून जेमतेम दहा आठवडे झाले होते.

आमच्याकडे हे २०१४ च्या मे महिन्यात झाले. नोटीस बोर्डावर अण्णांनी लावले : 'दावा अंतिम टप्प्यात. सभासदांनी धीर धरावा.' आठ दिवसांत शेजाऱ्यांनी उलटा दावा लावला, की आमची पाण्याची मोटर त्यांच्या हद्दीत आहे. कोर्टाने माणूस पाठवून मोजणी केली. भिंत आमच्याकडे पाच इंच आली होती. आणि मोटर तिकडे सात इंच गेली होती.

त्या महिन्यात माझ्या वहीत ११ नावे उरली.

सायगावनंतर सेनापतींनी आणखी २,०६,००० माणसे मागितली, आणि ते वर्तमानपत्रात फुटले. नवा संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड हा तोवर युद्धाच्या बाजूचा माणूस. खुर्चीवर बसल्यावर त्याने अधिकाऱ्यांना साधे प्रश्न विचारले. एवढे सैन्य दिले तर पुरेल का? नाही पुरले तर आणखी किती? किती दिवस? जिंकायची योजना काय? कोणालाच सांगता येईना. "चार वर्षं झाली होती युद्धाला," नाना म्हणाले, "आणि हे प्रश्न तेव्हा निघाले." गच्चीवरच्या आपल्या प्रश्नाबद्दल ते काही बोलले नाहीत. मला मात्र एकदम वड्यांची आठवण झाली आणि पुढची चकली मी घेतली नाही.

मार्चमध्ये जॉन्सनच्या कारभाराला पसंती ३६ टक्के होती, आणि त्याने चालवलेल्या युद्धाला २६. महिन्याच्या शेवटी राजकारणातली वडीलधारी मंडळी, ज्यांनी नोव्हेंबरमध्ये 'चालू ठेवा' म्हटले होते, त्यांच्यातल्या बहुतेकांनी 'आता पुरे' म्हटले. ३१ मार्च १९६८ च्या रात्री जॉन्सन टेलिव्हिजनवर आला, बॉम्बहल्ले बरेचसे थांबवल्याचे सांगितले, आणि भाषणाच्या शेवटी, आपण पुन्हा निवडणुकीला उभे राहणार नाही असे जाहीर केले. तिकडची ती रात्र म्हणजे आपल्याकडची १ एप्रिलची सकाळ. नाना रेडिओवर ऐकून शाळेत गेले आणि शिक्षकांच्या खोलीत बातमी सांगितली. हेडमास्तर म्हणाले, "अहो मास्तर, या वयात एप्रिल फूल?"

यापुढची गोष्ट मला सर्वांत पटली. मी जातो म्हटल्याबरोबर त्याची लोकप्रियता ३६ वरून ४९ वर गेली. आमच्याकडे कोणी बदलीवर निघाला की त्याच्याइतका चांगला माणूस शाखेत झालाच नाही असे सर्वांना एकाएकी आठवते, त्यातलाच प्रकार. २०१५ च्या वार्षिक सभेत अण्णांनी उभे राहून, यंदा आपण चेअरमनपदाला उभे राहात नाही, एवढे एकच वाक्य सांगितले. शाल आली, नारळ आला. जेसीबीवाल्यांचे डोळे पाणावले. आजींच्या औषधांवर तीन भाषणे झाली. भिंतीचा उल्लेख कोणी केला नाही. अण्णा खाली बसले तेव्हा त्यांनी सवयीने सदऱ्याच्या खिशात हात घातला, आणि तसाच बाहेर काढला.

२०१६ साली दोन्ही सोसायट्यांनी तडजोड केली. भिंत राहिली, मोटर राहिली, ज्याचा त्याचा खर्च ज्याने त्याने सोसला. जॉन्सनला तडजोड पाहायला मिळाली नाही. तो २२ जानेवारी १९७३ ला वारला आणि पॅरिसचा शांतताकरार झाला २७ ला. ठरावाविरुद्ध हात वर करणारे मोर्स आणि ग्रुनिंग? ते दोघेही १९६८ सालीच सिनेटमधून पडले होते.

तडजोडीनंतर आमच्या जिन्यात एक चमत्कार दिसू लागला. जो भेटे तो म्हणे, "मी तेव्हाच म्हणत होतो." ३६ च्या ३६ लोक तेव्हाच म्हणत होते! मग त्या रात्री गच्चीवर टाळ्या वाजवल्या कोणी? इंग्लंडातही असेच झाल्याचे वाचले. इराकच्या युद्धाला २००३ साली तिथे पाहण्यांत सरासरी ५४ टक्के लोकांचा पाठिंबा होता. २०१५ साली, तुमचे तेव्हाचे मत काय होते असे विचारले, तर आम्ही बाजूने होतो असे सांगणारे निघाले ३७ टक्के. मधले १७ टक्के कुठल्या खात्यात गेले? आमच्याकडे अशा रकमेला सस्पेन्स अकाउंट असते.

मीही जिन्यात तेच म्हणत असे. म्हणजे, मला मनातून पहिल्यापासून पटलेच नव्हते. मी पडलो खजिनदार, दिलेले काम केले, वगैरे. हे मी इतक्या वेळा सांगितले की मला ते खरे वाटू लागले होते. मग नव्या कमिटीला दप्तर सोपवायचा दिवस आला. सही करण्याआधी मी सभावृत्ताची वही चाळली. २०११ चे पान. ठराव क्रमांक ४. मांडणार : चेअरमन. अनुमोदक : आणि पुढे माझे नाव, माझ्याच वळणदार अक्षरात. सभावृत्तही त्या दिवशी मीच लिहिले होते. शिवाय कंसात 'टाळ्यांच्या गजरात' असे लिहून त्याखाली रेघ मारली होती. पट्टीने.

वड्यांच्या आधी उठून "माझे अनुमोदन आहे" असे ओरडणारा आवाज कोणाचा होता, हे पाच वर्षे मला आठवले नव्हते.

नाना तोवर मुलीकडे नाशिकला राहायला गेले होते. त्या रात्री मी त्यांना फोन केला. सांगायचे एकच होते. चहा, चकल्या आणि दर एक तारखेचे ३०० रुपये हे सगळे डोळ्यांपुढे ठेवून मी वाक्य जुळवले होते. त्यांनी फोन उचलल्याबरोबर विचारले, "भिंतीचं काय झालं रे?"

"सुटलं एकदाचं, नाना," मी म्हटले. आणि पुढे माझ्या तोंडून निघाले ते असे : "मला तरी मनातून ते पहिल्यापासून पटलंच नव्हतं."

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग नाना हसले. मास्तर हसतात तसे, वर्गातल्या आवडत्या ढ मुलाकडे पाहून.

"अरे वा," ते म्हणाले. "म्हणजे त्या रात्री आपण तिघं होतो तर. मला दोघंच दिसले होते."

मग त्यांनी विचारले, की आता काकूंकडून विरजण येतं का. मी म्हटले, येतं.